एकटा माणूस जॅझ किती बदलू शकतो? (आर्मस्ट्राँगच्या बारा सेकंदांवरून)

काळी_चार | शुक्रवार, रात्री ११.१०

चव्वेचाळिसाव्या वर्षी ट्रंपेट शिकायला लागलो, त्याला आता पावणेदोन वर्षं होतील. शिकवणारे मास्तर वरातीच्या बँडमध्ये उभं आयुष्य घालवलेले. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "साहेब, हे फुप्फुसाचं काम नाही, ओठाचं आहे." ते गेल्या महिन्यात पटलं.

लुई आर्मस्ट्राँगच्या 'वेस्ट एंड ब्लूज'ची सुरुवात बसवायला घेतली. साथ नाही, ठेका नाही, नुसता ट्रंपेट, आणि सगळा कारभार बारा-तेरा सेकंदांचा. पहिले चार सूर एका मापाचे, ठाशीव. मग वर उसळी, तिथे टोकाचा सूर, आणि तिथून वेड्यावाकड्या गटांनी घरंगळत खाली. चार सूर दोन दिवसांत आले असं मला वाटलं. मास्तरांनी ऐकले आणि म्हणाले, "सूर आले. चाल नाही आली." टोकाच्या सुराचं तर बोलूच नका, तिसऱ्या दिवशी ओठाच्या आतून रक्त. बायकोने माउथपीस कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली.

वाद्य बंद, मग वाचन आणि ऐकणं सुरू. त्यातून हा धागा.

हे ध्वनिमुद्रण २८ जून १९२८ चं, शिकागोतलं. आर्मस्ट्राँग तेव्हा सव्वीस वर्षांचा. त्याच्या पाच-सहा वर्षं आधीचं न्यू ऑर्लिन्स पद्धतीचं जॅझ ऐका. कॉर्नेट (ट्रंपेटचाच आखूड भाऊ) चाल धरतो, क्लॅरिनेट तिच्याभोवती वेलीसारखा चढतो, ट्रॉम्बोन खालून ओढत राहतो. सगळे एकदम बोलतात आणि तरी भांडण होत नाही. गोड प्रकार आहे. पण त्यात एकट्याने पुढे येऊन आपलं म्हणणं मांडायचं म्हणजे दोन मात्रावर्तनांची (चार-चार मात्रांच्या दोन आवर्तनांची) फट मिळायची, फार तर थोडी जास्त. आर्मस्ट्राँगनंतर जॅझ म्हणजे एकेक वादक पुढे येतो, बाकीचे त्याला जमीन देतात. आज मुंबईत किंवा टोकियोत जॅझच्या मैफिलीला गेलात तर हेच दिसेल. ही मांडणी मुख्यतः एका माणसामुळे रूढ झाली, असं माझं म्हणणं.

दुसरी गोष्ट लयीची. एका मात्रेचे दोन तुकडे करा. सरळ वाजवले तर टक-टक, टक-टक, कवायतीसारखे. आर्मस्ट्राँग पहिला तुकडा लांबवतो, दुसरा उशिरा टाकतो, आणि दर वेळी सारखा उशीर करत नाही. कधी अख्खं वाक्यच ठेक्याच्या मागे रेंगाळतं आणि शेवटी बरोबर जागेवर येतं. १९२४ साली तो न्यूयॉर्कला फ्लेचर हेंडरसनच्या मोठ्या वाद्यवृंदात गेला. त्या काळच्या त्यांच्या तबकड्यांत सगळा बँड टक-टक चालतोय, मध्येच याची पाळी येते आणि वाटतं, दुसऱ्याच दशकातला माणूस चुकून आत शिरला. त्याच बँडमध्ये कोलमन हॉकिन्स सॅक्सोफोनवर होता. त्याचं आर्मस्ट्राँग येण्याआधीचं आणि नंतरचं वाजवणं लागोपाठ ऐकलं तर सांगावं लागत नाही काय झालं ते.

यावरून मी एक कसोटी काढली आहे. एखाद्या ट्रंपेटवाल्याची नक्कल ट्रंपेटवाले करतात, त्यात विशेष काही नाही. दुसऱ्या वाद्यांचे लोक आणि गाणारे करायला लागले की समजावं, या माणसाने वाद्य नव्हे, भाषा बदलली. हॉकिन्स सॅक्सोफोनवाला. अर्ल हाइन्सच्या पियानोला तर नावच पडलं 'ट्रंपेट शैली'. बिली हॉलिडे आणि बिंग क्रॉसबी गाणारे. सगळ्यांच्या बोलण्यात एकच नाव येतं.

या कसोटीवर आणखी कोण उतरतं? की कसोटीच चुकीची आहे? झोडा.

बोरीबंदर | शुक्रवार, रात्री ११.३२

वाचनखूण साठवली. शेंगदाणे भाजून घेतो, मग बसतो.

(वहिनींना किल्लीबद्दल दंडवत.)

तबकडी_जपणारा | शनिवार, सकाळी ७.०५

लेख आवडला, निष्कर्ष नाही.

तुम्ही माणूस बघताय, मी यंत्र बघतो. न्यू ऑर्लिन्समध्ये आर्मस्ट्राँगच्या आधी बडी बोल्डन नावाचा कॉर्नेटवाला होऊन गेला. जुने लोक त्याला राजा म्हणत. १९०७ साली त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, १९३१ ला तिथेच गेला. त्याची एकही तबकडी आज ऐकायला मिळत नाही. त्याने काय काय बदललं असेल? कदाचित खूप. पण आपल्या हातात फक्त लोकांच्या आठवणी. फ्रेडी केपर्ड म्हणून दुसरा, त्याच्याबद्दल सांगतात की बोटं दिसू नयेत म्हणून हातावर रुमाल टाकून वाजवायचा, चाली चोरीला जातील ही भीती. जॅझची पहिली तबकडी १९१७ साली निघाली ती गोऱ्या वादकांच्या 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँड'ची.

आता आर्मस्ट्राँगकडे या. 'हॉट फाइव्ह' हा त्याचा संच जवळपास स्टुडिओपुरताच होता. नोव्हेंबर १९२५ पासून ओके कंपनीसाठी तबकड्या केल्या, रात्री मात्र हे लोक वेगवेगळ्या ठिकाणी नोकरीला. म्हणजे ज्या वादनाने जग बदललं असं आपण म्हणतो, ते त्या वेळी प्रत्यक्ष बसून फारसं कुणी ऐकलंच नाही! लोकांनी ऐकलं ते काळं चक्र. ते घरी नेऊन, सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवून, आख्ख्या अमेरिकेतल्या पोरांनी ते सूर पाठ केले. ७८ ची (मिनिटाला ७८ फेऱ्यांची) तबकडी नसती तर तुमचा आर्मस्ट्राँग म्हणजे शिकागोच्या चार म्हाताऱ्यांची आठवण.

शिवाय तबकडीत बसतं तीन मिनिटं आणि थोडं. त्या मापात पाच जणांनी मिळून रेंगाळायला जागा नाही. एकाने पुढे यावं, नेमकं बोलावं, हे त्या मापानेच मागितलं.

काळी_चार | शनिवार, सकाळी ९.४०

तबकडीकाका, बोल्डनचा मुद्दा जोरदार आहे, मान्य. पण तेच यंत्र त्याच दशकात शेकडो कॉर्नेटवाल्यांपुढे ठेवलेलं होतं. तीन मिनिटं सगळ्यांना तीनच होती. मग पोरांनी सुई याच्याच सुरांवर का ठेवली?

रेघोटी | शनिवार, दुपारी १.१५

तुम्हा दोघांच्या माणूस-यंत्र वादात एक बाई राहून गेली, म्हणून लिहिते.

लिल हार्डिन. मेम्फिसची, फिस्क विद्यापीठात शिकलेली, नोटेशन वाचणारी पियानोवादक. किंग ऑलिव्हरच्या बँडमध्ये ती होती. १९२२ साली ऑलिव्हरने न्यू ऑर्लिन्सहून लुईला बोलावून घेतलं, ते दुसरा कॉर्नेट वाजवायला. ऑलिव्हर गुरू, लुई त्याला 'पापा जो' म्हणायचा. गुरूच्या सावलीत तो सुखात होता. १९२३ च्या एप्रिलमध्ये इंडियाना राज्यात रिचमंडला मुद्रण झालं. तेव्हा मायक्रोफोन नव्हते, मोठ्या कर्ण्यासमोर सगळ्यांनी दाटीवाटीने उभं राहायचं. लुईचा आवाज ऑलिव्हरला झाकून टाकत होता, म्हणून त्याला मागे लांब उभं केलं, अशी हकीकत या लोकांनीच सांगितलेली आहे. पोरगा तिथे कोपऱ्यात उतरलेल्या चेहऱ्याने उभा, हे लिलला दिसलं. बाकीच्यांना अंतर दिसलं, तिला त्या अंतराचा अर्थ कळला.

फेब्रुवारी १९२४ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि तिने त्याच्यामागे लकडा लावला, ऑलिव्हरला सोड. त्याच वर्षी त्याने सोडलं. हेंडरसनकडे गेला, तिथून शिकागोला परत आणलं तेही तिनेच, स्वतःच्या बँडमध्ये, जगातला सर्वोत्तम ट्रंपेटवादक अशी पाटी लावून. हॉट फाइव्हमध्ये पियानोवर तीच आहे. 'स्ट्रटिन विथ सम बार्बेक्यू' ही चाल तिची.

मग सांगा, 'एकट्या माणसाने' जॅझ बदललं म्हणताना तिला कुठे बसवायचं? नवऱ्याचं बळ म्हणून तळटिपेत?

पुढे लग्न मोडलं. पण ६ जुलै १९७१ ला लुई गेला आणि त्याच ऑगस्टच्या अखेरीस शिकागोत त्याच्या स्मरणार्थ मैफिल होती, तिथे पियानो वाजवता वाजवता लिल कोसळली आणि गेली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ दुसरं काही केलं नव्हतं.

बोरीबंदर | शनिवार, दुपारी १.४०

शेंगदाणे बाजूला ठेवले.

साडेसातचा_ठोका | शनिवार, संध्याकाळी ६.२०

मी ड्रम वाजवतो (हौशी, बिल्डिंगचे लोक हौशी म्हणत नाहीत), त्यामुळे माझी तक्रार ड्रमवाल्यांच्या वतीने.

तुमच्या कसोटीवर दुसरा उमेदवार उघडच चार्ली पार्कर. २६ नोव्हेंबर १९४५, 'को-को'. तो वेग, ते वळण सॅक्सोफोनवर जन्मलं आणि बड पॉवेलच्या पियानोत, जे. जे. जॉन्सनच्या ट्रॉम्बोनमध्ये गेलं. ट्रॉम्बोनसारख्या सरकत्या नळीवर पार्करची भाषा बोलणं म्हणजे बैलगाडीने लोकल पकडणं, तरी पकडली. तर कसोटीत पार्कर पास.

पण पार्कर ज्या जमिनीवर पळतोय ती कुणी तयार केली? आधीचे ड्रमर पायाने मोठा ड्रम दर मात्रेला ठोकत. धम धम धम धम. नाचायला बरं, पण त्या धमधमीत बारीक नक्षी ऐकूच येणार नाही. केनी क्लार्कने ठेका वर नेला, झांजेवर. टिंग, टिंग-क-टिंग. पाय मोकळा झाला, तो आता मधूनच कुठेतरी अनपेक्षित धडाका द्यायचा. त्याला म्हणायचेच 'बॉम्ब टाकणं'. ही हवा मोकळी झाली म्हणून पार्कर आणि ट्रंपेटवाला गिलेस्पी यांना अर्ध्या-पाव मात्रेत बोलता आलं. क्लार्क आणि थेलोनियस मंक हे दोघेही न्यूयॉर्कात हार्लेमच्या मिंटन्स प्लेहाउस या क्लबमध्ये पगारी वादक. गिटारवाला चार्ली ख्रिश्चन तिथे पहाटेपर्यंत बसायचा, १९४२ साली क्षयाने गेला, पंचविशीत. या नव्या वेगवान जॅझला बीबॉप म्हणतात; ते एकट्या पार्करचं म्हणणाऱ्याने या खोलीतल्या लोकांची हजेरी घ्यावी.

आणि तबकडीकाका, तुमच्यासाठी खास. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार घातला होता. मोठ्या कंपन्यांशी तो मिटायला १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. म्हणजे ज्या दोन वर्षांत बीबॉप शिजलं, तेव्हा तुमचं यंत्र बंद होतं. संगीत बदललंच की.

तबकडी_जपणारा | शनिवार, रात्री ८.१०

ठोकेवाले, शिजलं बंद खोलीत, पण वाढलं कधी? १९४५ ला, तबकड्या परत सुरू झाल्यावर. मधली दोन वर्षं लोकांनी काही ऐकलंच नव्हतं, म्हणून तर ते आकाशातून पडल्यासारखं वाटलं आणि एका-दोघांच्या नावावर जमा झालं. तुम्ही माझाच मुद्दा मांडलात, आभारी आहे.

साडेसातचा_ठोका | शनिवार, रात्री ८.१४

हात जोडले काका.

शिकागोची_वाहतूक | रविवार, पहाटे ४.५०

इकडे अजून शनिवार आहे. मी शिकागोत दक्षिण भागात नोकरी करतो, त्यामुळे हे पत्ते रोजच्या रस्त्यातले. जुन्या इमारती बहुतेक गेल्या, नावं राहिली.

एक धागा तुमच्याकडे येतो तो सांगतो. १९२५-२६ च्या सुमारास आर्मस्ट्राँग इथे व्हेंडोम थिएटरमध्ये अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात मूकपटांना साथ करायचा. त्याच वाद्यवृंदात पियानोवर टेडी वेदरफर्ड. १९२६ साली या वाद्यवृंदाच्या तबकड्या निघाल्या, त्यांत दोघंही ऐकू येतात. वेदरफर्ड त्याच वर्षी आशियात गेला, शांघाय वगैरे करत पुढे मुंबईला आला आणि ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजायला लागला. १९४५ साली कलकत्त्यात पटकीने वारला. आर्मस्ट्राँगच्या शेजारी बसून वाजवलेला माणूस अपोलो बंदरावर वाजवत होता, हे मला इथे येऊन कळलं, मुंबईत तीस वर्षं राहून नाही!

माडाखालचो | रविवार, सकाळी १०.००

वेदरफर्डचं नाव निघालं म्हणून आलो. मी बार्देशचा, आजोबा ताजमध्ये नव्हे, पण मुंबईच्या एका हॉटेलच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे.

आमच्या हळदोण्याचा आंतोनियो शावियर वाझ. हे नाव कुणाला माहीत नसेल, चिक चॉकलेट म्हटलं की जुने लोक हसतात. ट्रंपेट वाजवायचा, गायचा खर्जातल्या खरखरीत आवाजात, रुमालासकट सगळं आर्मस्ट्राँगसारखं. त्याला म्हणायचेच मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग. पुढे सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केलं, 'अलबेला'त तर आपल्या वादकांसकट पडद्यावरही आहे. १९६७ साली गेला.

काळी_चार यांची कसोटी आजोबांना आवडली नसती. ते म्हणायचे, नक्कल करणाऱ्याला हसू नका, त्याने सूर बोटीशिवाय आणला. गोव्याच्या पोरांना चर्चच्या शाळेत नोटेशन शिकवलेलं, कागद समोर ठेवला की काहीही वाजवतील. पण आर्मस्ट्राँगचा तो रेंगाळ कागदावर लिहिताच येत नाही. तो तबकडी ऐकूनच घ्यायला लागला. आजोबांच्या खोलीत सहा जण एक ग्रामोफोन भाड्याने आणायचे. एकाने सुई उचलायची, बाकीच्यांनी गुणगुणायचं. जो चुकेल त्याने चहा आणायचा.

(तबकडीकाका, हा तुमच्या बाजूने पुरावा. पण आजोबांकडून एकच तबकडी झिजली, ती कुणाची होती ते ओळखा.)

गंधार_कोमल | रविवार, सकाळी ११.२५

अवांतर: सतारीत गायकी अंग येतं ती हीच कसोटी झाली ना? गळ्याचं वाद्यात. इथे वाद्याचं गळ्यात. बाकी मला जॅझमधलं शून्य कळतं, पण धागा वाचतेय.

काळी_चार | रविवार, दुपारी १२.१०

@गंधार_कोमल, अगदी तेच डोक्यात होतं. आर्मस्ट्राँगच्या बाबतीत गळा आणि ट्रंपेट इतके एकमेकांत आहेत की कोण कुणाची नक्कल करतंय सांगता येत नाही. वेस्ट एंड ब्लूजमध्येच मध्ये तो शब्दांशिवाय गातो, क्लॅरिनेटला उत्तरं देत. ते ट्रंपेट वाजवल्यासारखंच आहे.

@रेघोटी, तळटिपेत नाही. पण तिने त्याला मागच्या कोपऱ्यातून पुढे आणलं म्हणताना हेही येतंच की पुढे आणण्यासारखं काही कोपऱ्यात उभं होतं. एवढं म्हणून गप्प बसतो, घरी हा वाद मी हरलेलो आहे.

@माडाखालचो, भाड्याच्या ग्रामोफोनबद्दल वेगळा धागा काढाच.

निळं_पाणी | रविवार, दुपारी ३.३५

सगळे आर्मस्ट्राँग-पार्करवर अडकलेत आणि ज्याने जॅझ तीन-चार वेळा वळवलं त्याचं नाव नाही? माइल्स डेव्हिस.

१९४९-५० मधलं थंड, मऊ वादन. १९५९ चं 'काइंड ऑफ ब्लू', २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोनच बैठका. स्वरसंगतींची रांग पळवण्याऐवजी एकेका स्वरश्रेणीवर मुक्काम. वादकांना हातात दिले ते नुसते आराखडे. मग १९६९ च्या ऑगस्टमध्ये 'बिचेस ब्रू', विजेची वाद्यं, आणि नंतर निर्माता टिओ मासेरोने ब्लेडने फीत कापून जोडून केलेली रचना.

पण काळी_चार, तुमच्या कसोटीवर माइल्स नापास होतो. त्याचा तो म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावलेला बारीक, कोरडा सूर गिटारवर किंवा पियानोवर कुणी फारसा नेला नाही. उलट झालंय! सूर कमी, जागा जास्त, हे त्यानेच अहमद जमाल या पियानोवाल्याकडून उचललं. आपल्या बँडच्या रेड गार्लंडला सांगायचा, जमालसारखं वाजव. म्हणजे इथे ट्रंपेटच पियानोच्या मागे गेला. म्हणून माझ्या मते कसोटी लंगडी आहे.

माइल्सने बदल केला तो माणसं निवडून. टोनी विल्यम्सला १९६३ मध्ये घेतलं तेव्हा पोराचं वय सतरा. कोल्ट्रेन, बिल एव्हन्स, शॉर्टर, हॅनकॉक, मॅकलाफलिन, सगळे त्याच्या दारातून बाहेर पडून स्वतःची घरं बांधून बसले. मॅकलाफलिन तर पुढे आपल्या झाकिरभाईंबरोबर 'शक्ती'त. १९७२ च्या माइल्सच्या तबकडीवर बादल रॉयचा तबला आहे, तो वेगळाच.

साडेसातचा_ठोका | रविवार, दुपारी ३.५०

टोनी विल्यम्सचं नाव घेतल्याबद्दल तुम्हाला एक चहा माझ्याकडून.

पण एक सांगा, माणसं निवडणं म्हणजे 'एकट्याने' बदलणं का? ते तर मुकादमाचं काम झालं.

निळं_पाणी | रविवार, दुपारी ४.०५

मुकादम म्हणा. सतरा वर्षांच्या मुलाला मागे बसवून त्याला हवं तसं वाजवू देणारा, आणि तो पळेल तसं स्वतःचं वाजवणं बदलणारा मुकादम मला दुसरा दाखवा. तेव्हा माइल्स छत्तीस-सदतीस वर्षांचा, नाव झालेलं, पैसा आलेला. जुनंच वाजवत बसला असता तरी हॉल भरले असते.

शिकागोची_वाहतूक | रविवार, संध्याकाळी ६.३०

कसोटीवर माझाही एक खडा. अर्ल हाइन्सचा बाप कॉर्नेट वाजवायचा, पोराने लहानपणी स्वतः कॉर्नेट फुंकून पाहिला होता. उजव्या हाताने सप्तकाच्या अंतरावरचे दोन सूर एकदम ठोकायचे म्हणजे बँडच्या गोंगाटात पियानो ऐकू येतो, ही युक्ती आर्मस्ट्राँग भेटण्याआधीची, असं हाइन्सचंच सांगणं. म्हणजे 'ट्रंपेट शैली'तला ट्रंपेट लुईचाच होता असं नाही. डिसेंबर १९२८ मधलं दोघांचंच 'वेदर बर्ड' ऐका, तिथे कोण कुणामागे धावतंय ते ठरवून दाखवा.

काळी_चार | रविवार, रात्री ९.४५

वेदर बर्ड आज तीनदा ऐकलं. ठरवता आलं नाही. हाइन्स माझ्या यादीतून काढतो. हॉकिन्स आणि गाणारे राहू देत.

माइल्सबद्दल निळं_पाणी यांचं बरोबर आहे, माझी कसोटी एकाच जातीचा प्रभाव मोजते. हातात ओठ असलेल्या माणसाने काढलेली कसोटी आहे ती, मुकादमी तिच्यात बसत नाही.

बोरीबंदर | रविवार, रात्री ९.५२

हातात ओठ? वहिनींनी किल्ली देऊ नये.

तबकडी_जपणारा | सोमवार, सकाळी ७.२०

काल रात्री कपाट उपसलं. काळी_चार, माझ्याच विरोधात एक पुरावा देतो. म्हातारपणी एवढं औदार्य करावं.

'वेस्ट एंड ब्लूज' ही चाल मुळात आर्मस्ट्राँगची नाही. गुरू किंग ऑलिव्हरची. ऑलिव्हरने स्वतः ती त्याच जून १९२८ मध्ये, शिष्याच्या आधी मुद्रित केली होती. छान, सरळ, घरंदाज ब्लूज. ती सुरुवातीची बारा सेकंदं तिच्यात नाहीत. मग महिनाअखेरीस लुईने केली.

आता पुढचं. जानेवारी १९२९ मध्ये ऑलिव्हर तीच चाल दुसऱ्या कंपनीसाठी, व्हिक्टरसाठी, पुन्हा करतो. ऑलिव्हरचे दात आणि हिरड्या तोवर खराब झालेल्या, वाजवणं अवघड होत चाललेलं. ट्रंपेटवर लुई मेटकाफ. आणि तबकडी सुरू होते कशी? एकटा ट्रंपेट, चार ठाशीव सूर, वर उसळी, घरंगळ. शिष्याची सुरुवात, उतरवून घेतलेली, गुरूच्या नावाच्या तबकडीवर, गुरूच्याच चालीला.

सात महिनेसुद्धा झाले नव्हते. ज्या माणसाने त्याला कर्ण्यापासून लांब उभं केलं, त्याला स्वतःची चाल आता जुन्या पद्धतीने सुरू करता येईना. माझं यंत्र याचा खुलासा देत नाही. त्याने फक्त टिपून ठेवलं.

रेघोटी | सोमवार, सकाळी ८.०२

ऑलिव्हरचं पुढे काय झालं?

तबकडी_जपणारा | सोमवार, सकाळी ८.३०

मंदीत बँड मोडला. शेवटी जॉर्जियातल्या सॅव्हानाला साफसफाईचं काम करत होता. १९३८ ला गेला.

माडाखालचो | सोमवार, सकाळी ९.१५

…

काळी_चार | बुधवार, रात्री १०.४०

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण मास्तरांकडे गेलो होतो. फोनवर तिन्ही मुद्रणं नेली, ऑलिव्हर, आर्मस्ट्राँग, मग मेटकाफवालं. मास्तरांना नावं सांगितली नाहीत. खाटेवर पाय वर घेऊन, डोळे मिटून ऐकलं त्यांनी.

पहिलं संपलं. म्हणाले, चांगला बँड आहे.

दुसरं सुरू झालं आणि त्यांनी पहिल्या चार सुरांनाच डोळे उघडले. शेवटच्या फेरीत तो एकच वरचा सूर जवळजवळ चार मात्रावर्तनं धरून ठेवतो, ट्रंपेटवाल्यांनाच कळेल त्यात काय जळतं. मास्तरांचे स्वतःचे ओठ आपोआप आवळले गेले होते, माउथपीस लावल्यासारखे. सूर सुटला तेव्हा त्यांनीही श्वास सोडला.

तिसऱ्याला म्हणाले, "हा पोरगा घरी बसून दुसऱ्याचं ऐकून आलाय. मेहनती आहे. पण ह्याला टोक कुठे येणार ते आधीच माहीत आहे."

मग मी सगळी गोष्ट सांगितली, गुरू, शिष्य, कर्णा, सॅव्हाना. मास्तरांना ऑलिव्हरचं वाईट वाटेल असं धरून चाललो होतो. ते विचारतात काय, "दुसरा जो आहे, त्याचा ओठ टिकला का पुढे?"

म्हटलं, नाही हो, फाटला. १९३४-३५ च्या सुमारास काही महिने वाद्य बंद ठेवावं लागलं. नंतर जन्मभर ओठाला जर्मनीहून येणारं एक मलम लावायचा.

मास्तर उठले, चष्मा शोधला, कॅलेंडरचा मागचा कागद फाडून पेन माझ्या हातात दिलं.

"नाव लिहा त्या मलमाचं."